पोट ताणतं, तळवा नाही

तारकर्ली,
१२ डिसेंबर २०२४

साबण नव्हे तो! मुठेल आहे, मुठेल. रातांब्याच्या बिया मे महिन्याच्या उन्हात वाळवल्या, कुटल्या, उकळल्या, वर आलेलं तेल काढलं आणि माझ्या मुठीने त्याचे गोळे वळले. ते तुला पार्सलने धाडले, आणि तू बापाच्या मोबाईलवर फोटो पाठवून विचारतेस, "आजीच्या साबणाला फेस का येत नाही?" हरिश्चंद्र होडीवर पर्यटकांसमोर हसत सुटला. घरी येऊन मला म्हणतो, "आये, तुझी नात मुठेल लावून न्हाता!" ह्याच घरात वाढलीस ना गो? की नाशकाच्या पाण्याने डोक्यातलं सगळं धुऊन नेलं?

असो. चि. रसिका हिला मथुराआजीचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण त्याला विचारतो कोण.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोन तुझ्या बापाचा, आणि तो दिवसभर लोकांना डॉल्फिन दाखवायला समुद्रात. संध्याकाळी लावून देतो तेव्हा तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि ठेवतेस. कागद उशाशी तरी राहतो. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं, पण वाचता येतं. तूही कागदावरच लिही.

तू म्हणालीस, अंग कोरडं पडलंय, पोटाला ओढ लागते, पायावर नख फिरवलं तर पांढरी रेघ उठते. उठणारच. सहावा महिना, पोट ताणतंय, आणि तिथली थंडी कोरडी. खाऱ्या दमट हवेत वाढलेली कातडी तिकडे नेलीस, ती बोंबलासारखी सुकणार नाही तर काय होईल?

आता ऐक. कढत पाणी बंद. तुला लहानपणापासून वाफा निघाल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, ते मला माहीत आहे, तरी बंद. कोमट घे आणि पटकन बाहेर ये. साबण जिथे घाम येतो तिथेच, सगळ्या अंगाला फासू नको. पुसताना घासू नको, टिपून घे. अंग ओलसर आहे तोवरच खोबरेल लाव. सुकल्यावर लावलेलं तेल चादरीला लागतं, तुला नाही. मुठेल टाचांना आणि ओठांना. आधी तळहातांत चोळून त्याला ऊब दे, मग ते पाघळतं.

आणि ते बेसन, हळद, लिंबू काय लावतेस? हरिश्चंद्राला सांगत होतीस म्हणे. तुझ्या सासूचं काम असणार. दोडामार्गची माणसं ती, तीस वर्षं नाशकात राहून त्यांना वाटायला लागलं की गर्भार बाई म्हणजे भजी, बेसनात घोळवायची. बेसन अंगात असलेलं तेलही ओढून घेतं. बंद कर.

मार्चात हरिश्चंद्र तुला आणायला येईल. पहिलं बाळंतपण माहेरी. तुझी आई तू लहान असतानाच गेली, म्हणून तुझं माहेर म्हणजे मी, त्याला इलाज नाही. मागची खोली रिकामी केली आहे. ह्या वाडीतल्या निम्म्या बाळंतिणींना मी न्हाऊ घातलंय. तू राहिलीस.

तुझी
आजी

*

नाशिक,
२० डिसेंबर २०२४

ती. आजीस,

साबणाबद्दल सॉरी. पण आजी, तू त्याचे साबणासारखे गोळे वळून ठेवलेस आणि बरोबर चिठ्ठी नाही, तर माणूस काय समजणार? आता टाचांना लावते. अनिश म्हणतो खोलीला शाळेच्या लाकडी बाकासारखा वास येतो. त्याला म्हटलं, मग बाकावर उभा राहा.

बेसन सासूबाईंनी नाही सांगितलं. मीच मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ बघितला. ती काय गोरीपान दिसत होती! मी लावलं तर तोंड पापडासारखं झालं. मेडिकलच्या दुकानात मेकअप आणि क्रीमच्या काउंटरवर मी तीन वर्षं उभी होते. बायकांना सांगायचे, सकाळी हे लावा, रात्री ते लावा. आता माझंच सगळं गेलं. रात्री लावायची माझी डागांवरची क्रीम, रेटिनॉलची, ती डॉक्टर मॅडमनी सुरुवातीलाच बंद करायला लावली. पोटात बाळ असताना ती चालत नाही म्हणाल्या. वासाची लोशनं मीच टाकली. झाकण उघडलं की ओकारी यायची. आता मॅडमनी लिहून दिलेली बिनवासाची साधी क्रीम आणि तुझं खोबरेल. आरशासमोरची बरणीबाटल्यांची रांग गेली, तिथे सासूबाईंनी लोणच्याची बरणी ठेवली आहे.

तू सांगितलंस तसं ओल्या अंगाला लावते. पोटाची ओढ कमी झाली. पण खाज येते गं. पोटावर, कमरेवर. हे असंच असतं का? डॉक्टरांना विचारायला लाज वाटते. गेल्या महिन्यात पोटात दुखलं म्हणून मी आरडाओरडा केला, अनिश कामावरून धावत आला, सगळे हॉस्पिटलात गेलो, आणि निघाला गॅस. तेव्हापासून ह्या घरात कुणी ढेकर दिला तरी अनिश विचारतो, "रिक्षा बोलावू?" तो मस्करीच करतो, पण मी ठरवलंय, आता उगाच बोंब मारायची नाही.

तुझी
रसिका

*

तारकर्ली,
२ जानेवारी २०२५

चि. रसिका,

बेसनाचा दोष तुझ्या सासूला दिला होता तो मी मागे घेत नाही. राहू दे, पुढे कधी उपयोगी पडेल.

पोटाला खाज येते म्हणजे पोराला जावळ येतंय. माझ्या आईने मला सांगितलं, मी तुझ्या आईला सांगितलं. हरिश्चंद्राच्या वेळी मी पोट खाजवून खाजवून लाल केलं होतं, तो जन्मला तेव्हा डोकं नारळाच्या शेंडीसारखं. आता त्या डोक्यावर काय उरलंय ते तू बघतेसच. म्हणून घाबरू नको. नखं कापून टाक. खाजवायचं नाही, थंड पाण्याचा ओला फडका ठेवायचा, मग तेल. सुती कपडे घाल. ते घसरणारे, चमकणारे गाऊन कपाटात टाक.

डॉक्टरांची क्रीम बंद करू नको. मी जुनी बाई आहे, वेडी नाही. तेल वरून राखतं, क्रीम आत ओल धरते असं आमच्या इथल्या मेडिकलवाल्याने सांगितलं. त्याला विकायचं होतं, तरी खरं असेल. आधी क्रीम, वरून तेल.

उगाच बोंब मारायची नाही हे चांगलं. बाईमाणसाने जरा सोसायला शिकावं. तुझ्या पिढीला नख मोडलं तरी सुट्टी लागते.

डोहाळजेवण करणार आहेत असं ऐकलं. फोटो पाठव. आणि तिकडच्या बायकांना सांग, फुलांचे दागिने दिवसभर अंगावर ठेवायचे नाहीत, कातडी चरचरते.

आजी

*

नाशिक,
२५ जानेवारी २०२५

ती. आजी,

उत्तराला उशीर झाला. डोहाळजेवणाची गडबड होती. फोटो बाबांच्या मोबाईलवर पाठवलेत, बघितलेस ना? सासूबाईंनी होडीचा देखावा केला होता. मला होडीत बसवलं. हातात वल्हं दिलं ते उलटं! मी सरळ केलं तर म्हणाल्या, "राहू दे गं, फोटोत चांगलं दिसतं तसं."

आता तुझं कौतुक. पोटाची, कमरेची खाज जवळजवळ गेली. कातडी मऊ झाली. पार्लरवाली म्हणाली, काय लावता? मी म्हटलं, आजी.

फक्त तळहात आणि तळपाय खाजतात. तिथे काही दिसत नाही, पुरळ नाही, कोरडंही नाही. तेलाने फरक पडत नाही, क्रीमने नाही, मुठेलाने नाही. झोपायला गेले की वाढतं. मी पलंगावरून पाय खाली सोडून फरशीला टेकवते, तेव्हा जरा बरं वाटतं. मेंदी लावली की थंड पडतं, म्हणून डोहाळजेवणाची मेंदी उतरायच्या आधीच पुन्हा लावली, मग परत. सगळे म्हणतात, काय हौस आहे हिला! तू जावळाचं सांगितलंस म्हणून मी निर्धास्त आहे. पण मग आजी, ह्या पोराच्या काय तळहातावर केस उगवणार आहेत का?

कुणाला सांगितलं नाही. तूही बाबांना सांगू नकोस, ते लगेच अनिशला फोन करतील आणि पुन्हा रिक्षा. हे आपल्या दोघींत. सोसायला शिक म्हणालीस ना? शिकते आहे.

मार्चाची वाट बघते. मला तुझ्या हातचंच न्हाणं हवंय.

रसिका

*

तारकर्ली,
३ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई इंदुमती गवस यांस,

तुम्हांला मी कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहिते, आणि टपालाची वाट बघायला वेळ नाही, म्हणून शेजारच्या दीपेशला सांगून ह्या कागदाचा फोटो तुमच्या मोबाईलवर पाठवते आहे. तो लॉज चालवतो, भला मुलगा आहे, नंबर अनोळखी दिसला तरी उघडा.

हे वाचून झालं की रसिकेला चप्पल काढायला सांगा आणि तिचे तळपाय बघा. मेंदीच्या खाली बघा. मग तिला हॉस्पिटलात न्या. आज. उद्या नव्हे.

ती तुम्हांला काही नाही म्हणेल. मला तिने पत्रात लिहिलं, कुणाला सांगू नको म्हणून. मी सकाळी फोन केला तर "हो आजी, दाखवते आजी" म्हणाली आणि ठेवला. ती दाखवणार नाही. म्हणून तुम्हांला लिहिते.

झालं काय ते सांगते. पोटाला खाज येते म्हणाली तेव्हा मीच तिला सांगितलं, पोराला जावळ येतंय, सोस. पोटाची खाज तेलाने गेली. मग तिचं पत्र आलं की तळहात, तळपाय खाजतात, आणि पोराच्या तळहातावर केस येणार का. मी हसले. चुलीवर भात होता, तो उतरवताना हसू गेलं. पोट ताणतं म्हणून खाजतं. तळवा कुठे ताणतो? तळवा कोरडा नाही, तरी का खाजतो? मी एवढ्या बायका न्हाऊ घातल्या, पण कुणी असं म्हटलेलं मला आठवेना. आणि जे आठवत नाही त्यावर मी औषध सांगत नाही. जे आठवतं त्यावरही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

मालवणच्या सरकारी दवाखान्यात गेले. केसपेपर माझ्याच नावाचा काढला, दुसऱ्याच्या नावाचा देत नाहीत. आत गेल्यावर डॉक्टर, तरुण आहे, विचारतो, "आजी, त्रास काय?" मी म्हटलं, "आठवो महिनो लागलो, तळव्यांका खाज येता." त्याने पेन खाली ठेवलं. नर्स म्हणाली, "अभिनंदन आजी." मी म्हटलं, "हसान घ्या आदी, मगे सांगा." मग नातीचं सांगितलं. दोघंही हसायची थांबली.

तो म्हणाला, असेलच असं नाही, पण पुरळ नसताना तळव्यांना खाज आणि रात्री वाढते, म्हणजे यकृताचं रक्त तपासलंच पाहिजे. यकृतातलं पित्त रक्तात चढतं, आईला नुसती खाज येते, धोका पोटातल्या बाळाला असतो. तेलाने जाणार नाही. आणि वाट बघत बसायचं नाही.

हे मी त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं आणि तिसऱ्यांदा मी त्याला म्हणून दाखवलं. चूक असेल तर डॉक्टरांची, मी जसंच्या तसं लिहिलंय.

लग्नात तुम्ही आमच्या सोलकढीला पातळ म्हणाला होता. त्याचं नंतर बघू.

मथुरा

*

नाशिक,
८ फेब्रुवारी २०२५

ती. मथुराआजींस सा. नमस्कार.

त्या दिवशी फोन केला होता तो हॉस्पिटलाच्या जिन्यात उभं राहून, म्हणून नीट बोलता आलं नाही. तुम्हांला कागद आवडतो म्हणून सविस्तर लिहिते.

फोटो आला तेव्हा मी भाजी निवडत होते. अनोळखी नंबरवरून हाताने लिहिलेला कागद, मला वाटलं कुणी गेलं. वाचलं आणि रसिकाच्या खोलीत गेले. म्हटलं, "चप्पल काढ." ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, "काढ गो बाय." मेंदीखाली ओरखडेच ओरखडे. हातांचंही तेच. अनिशला फोन केला, त्याने रिक्षाची मस्करी केली नाही.

रक्त तपासलं. तुमच्या मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच निघालं. पित्त चढलं आहे. गोळ्या सुरू केल्या. आठवड्यातून दोनदा बाळाचे ठोके बघायला बोलावलं आहे, आतापर्यंत ठोके चांगले आहेत. मॅडम म्हणाल्या, वेळेत आलात. पुढे बघून बाळाला तारखेच्या आधीच बाहेर काढावं लागेल. तोवर प्रवास नाही, आणि नवजात बाळांचा विभाग असलेल्या ह्याच हॉस्पिटलात बाळंतपण करायचं. तिच्या कातडीचं विचारलं तर म्हणाल्या, तेल आणि क्रीम चालू ठेवा, कोरडेपणाला ते बरोबरच आहे, पण ही खाज कातडीची नव्हे.

तुम्हांला एक सांगते. ती झोपताना फरशीला पाय लावते हे मी बघितलं होतं. मला वाटलं, समुद्राकाठची पोर, तिला गारव्याची सवय. विचारलं असतं तर कळलं असतं. ती आमच्याशी फार बोलत नाही म्हणून मीही विचारत नाही, असं दोघींचं चाललं होतं.

आणखी एक. तुमची पत्रं ती मला वाचून दाखवते, मधलं गाळून. भज्यांचं गाळलं होतं. पण पत्र टेबलावर राहिलं. मी बेसन अंगाला लावत नाही, खाते. आणि सोलकढी पातळच होती.

आपली
इंदुमती

*

नाशिक,
९ फेब्रुवारी २०२५

आजी,

मी तुला सांगितलं होतं, आपल्या दोघींत. तू सरळ सासूबाईंना लिहिलंस! दीपेशला वाचायला दिलंस! आता तारकर्लीत सगळ्यांना माहीत असेल की रसिकाचे तळवे खाजतात. चोंबडी आहेस तू.

आता मला एकटीला बाथरूममध्येही जाऊ देत नाहीत. सासूबाई दाराबाहेर उभ्या राहून विचारतात, "बाळ हललं का?" अनिश मोबाईलवर गजर लावून गोळी देतो. सगळे इतके चांगले वागतायत की मला रडू येतं. मला माहीत आहे तू केलंस ते बरोबर केलंस. म्हणूनच जास्त राग येतो.

पण एक ऐक. मला इथे बाळंत व्हायचं नाही. मला भीती वाटते. काचेच्या खोल्या आहेत, सगळ्या नर्स तोंड बांधून फिरतात, कुणाचा चेहरा दिसत नाही. मला मागच्या खोलीत यायचंय. गोळ्या घेऊन येते, रिपोर्ट घेऊन येते, मालवणात डॉक्टर आहेतच ना? पहिलं बाळंतपण माहेरी, हे तूच लिहिलंस. बाबांना म्हटलं तर ते गाडी घेऊन यायला तयार आहेत, फक्त म्हणाले, "आयेक विचार." तू हो म्हटलंस तर सासूबाईही तुला नाही म्हणणार नाहीत, तुला सगळेच घाबरतात.

हो म्हण. एवढं एकच मागते.

रसिका

*

तारकर्ली,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. रसिका,

येऊ नकोस.

हे पहिल्यांदा लिहिलं, कारण तू पत्र उघडून पहिली ओळ बघशील आणि बाकीचं रडत वाचशील. आता रड आणि वाच.

चोंबडी म्हणालीस. म्हण. तुझं गुपित राखलं असतं तर मला चांगली आजी म्हणाली असतीस आणि मी त्या चांगुलपणाचं काय केलं असतं? सोस म्हणून मीच लिहिलं होतं. ते वाक्य आता मी खोडते. तुझ्याकडे ते पत्र असेल तर तूही त्यावर काट मार. दुखलं की बोलायचं, खाजलं की बोलायचं, गॅस झाला तरी बोलायचं. अनिशने रिक्षा बोलावली तर बसायचं.

तुझा बाप गाडी घेऊन निघायला तयार होता हे खरं. कपडे भरले होते त्याने. मी म्हटलं, "खंय चललंस?" म्हणाला, "चेडू रडता मगे." मी म्हटलं, "रडांदे. रडणारी बाय जिती आसा, तुका तेवढा पुरे नाय?" बॅग परत माळ्यावर गेली.

तरी मी मालवणच्या डॉक्टरकडे पुन्हा गेले. एका कानाने ऐकून नाही म्हणणारी मी नव्हे. केसपेपर बघून नर्स म्हणते, "आजी, आता कितवा?" मी म्हटलं, "हसण्याचे पैशे नाय लागत म्हणान हसतंस." डॉक्टरला विचारलं, पोरीला इथे आणली तर? त्याने मला समोरच्या स्टुलावर बसवलं. मग म्हणाला, बाळ लवकर बाहेर काढायचं आहे, त्याला श्वासाचा त्रास झाला तर काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, चोवीस तास बघणारं माणूस लागेल. ते जिथे तयार आहे तिथून तिला हलवू नका. एवढ्या लांबच्या रस्त्यात ठोके कोण बघणार? मला त्याच्याशी भांडता आलं नाही. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते.

मी तुला गरम पाणी दिलं असतं, शेक दिला असता, तेल जिरेपर्यंत अंग चोळलं असतं, पोराचं नाक डोकं सारखं केलं असतं. ती पेटी माझ्याकडे नाही. एवढंच कारण आहे. दुसरं शोधू नको.

मागची खोली दीपेशला दिली. त्याचं लॉज भरलं होतं, तो मागत होता, मी नाही नाही म्हणत होते. काल हो म्हटलं. पुण्याच्या मुली उतरल्या आहेत. दिवसभर तोंडाला पांढरं फासून वाळूत पडतात आणि संध्याकाळी भाजलेल्या सुरमयीसारख्या परत येतात. आज मी त्यातल्या एकीच्या पाठीला तेल लावलं, आधी थंड पाण्याचा फडका ठेवून. तेव्हा तू आलीस तरी झोपायला जागा नाही. माझा शब्द फिरेल अशी आशा ठेवू नको, म्हणून मीच तशी सोय करून टाकली.

आता तुझ्या अंगाचं. गोळी हे औषध, ती एकही चुकवायची नाही. क्रीम, तेल चालू ठेव, पण खाज गेली नाही म्हणून जास्त जास्त चोपडत बसू नको. ते कोरडेपणासाठी आहे, त्याच्याकडून दुसऱ्याचं काम मागू नको. तळव्यांना थंड पाण्याची घडी. मेंदी बंद. नर्सना तळव्यांचा खरा रंग दिसू दे. आणि त्यांचे चेहरे दिसत नाहीत म्हणतेस तर नावं विचार. नाव घेऊन हाक मारली की माणूस तोंड बांधूनही हसतं, डोळ्यांत कळतं.

बाळ हललं का, असं सासूने विचारलं तर चिडायचं नाही. हललं तर सांग, नाही हललं तर त्याहून लवकर सांग. ती बाई दाराबाहेर उभी राहते, मला इथून ते करता येत नाही.

राहिलं न्हाणं. ते माझ्या हातचंच हवं म्हणतेस. हात तर माझ्या खांद्यांना जोडलेले आहेत, ते पार्सलने येत नाहीत. म्हणून मीच येणार. कुडाळहून आगगाडी आहे. मला बस लागते, गाडी लागत नाही असं हरिश्चंद्र म्हणतो, लागली तर पिशवी आहे. बाळंतपणाच्या आधी येते आणि तू उठून कामाला लागेपर्यंत राहते.

पण एक अडचण आहे आणि ती तुझ्याने सुटायची नाही. लेकीबाळींच्या सासरी मुक्काम करायचा नाही, पाणी प्यायचं ते उभ्याने, अशी आमच्या घरची रीत. तुझ्या आत्याचं लग्न होऊन एवढी वर्षं झाली, तिच्याकडे मी ओटीवर बसून उठून आले आहे, आत चुलीपर्यंत गेले नाही. ही रीत मी तुझ्यासाठी मोडते. मोडायचं ठरलं, त्यात बदल नाही. पण मोडून दुसऱ्याच्या घरात घुसायचं नाही. मी आले की स्वयंपाकघरात जाणार, बाळंतिणीच्या जेवणात बोट घालणार, पाणी किती तापवायचं त्यावर बोलणार. गप्प बसून राहायला मला येत नाही, हे त्या घरच्या बाईला माहीत असायला हवं, आणि माहीत असून तिने बोलवायला हवं.

हरिश्चंद्र तिकिटासाठी मोबाईल उघडून बसला आहे. मी त्याला थांबवलंय.

म्हणून ह्या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. अनिशनेही लिहू नये, पोरगा चांगला आहे पण ते घर त्याच्या आईच्या हातचं. हा कागद इंदुमतीला दे, काही न गाळता पहिल्यापासून वाचू दे. उत्तर तिने लिहायचं, स्वतःच्या हाताने. "या" एवढं लिहिलं तरी पुरे.

मथुरा